फाईल चुकीच्या दावणीला



पिकांचे सोडून हा गडी आज कॉम्प्युटरचे काय घेऊन बसला, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण मध्यंतरी माझ्या ओसरीवर दोन सख्खे भाऊ आले, ते भांडतच आले. भांडण बांधाचे नव्हते की विहिरीच्या पाळीचे नव्हते. कॉम्प्युटरवर उघडलेल्या एका कागदाचे होते.

झाले असे. धाकट्याच्या मुलाने सातबारा उतरवून घेतला, घरच्या कॉम्प्युटरवर उघडला आणि मोठ्या हौसेने चुलत्याला बोलावून दाखवला. थोरला चष्मा लावून बघतो, तर त्याचे क्षेत्र धाकट्याच्या नावासमोर! भोगवटादारांची नावे एकीकडे, आकार आणि पोटखराबा दुसरीकडे, इतर अधिकारात असणारा सोसायटीचा बोजा मधेच कुठेतरी लोंबकळत. "साहेब, परस्पर फेरफार केला ह्यानं," थोरला म्हणाला. धाकटा म्हणाला, "आईची शपथ, मी कचेरीची पायरीसुद्धा चढलो नाही."

पोराने पेनड्राइव्ह आणला होता. मी तीच फाईल माझ्या कॉम्प्युटरवर उघडली. नाव नावाच्या जागी, क्षेत्र क्षेत्राच्या जागी, बोजा बोजाच्या जागी. अक्षर हललेले नव्हते. थोरल्याने दोनदा वाचून घेतले, मग तिसऱ्यांदा धाकट्याकडून वाचून घेतले. मी पोराला विचारले, "बाळा, ही तू कशात उघडली होतीस?" तो म्हणाला, "मी कुठं कशात उघडली? डबल क्लिक केलं, ती आपोआप वर्डमध्ये उघडली."

या "आपोआप"मध्येच सगळी गोम आहे.

आपल्या जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर. जनावर बोलत नाही, बिल्ला बोलतो. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक फायलीलाही असा बिल्ला असतो. फायलीच्या नावाच्या शेवटी एक टिंब आणि त्यापुढे तीनचार इंग्रजी अक्षरे. सातबाऱ्याला 'पीडीएफ', वर्डमध्ये टाईप केलेल्या अर्जाला 'डॉक्स', एक्सेलच्या तक्त्याला 'एक्सएलएसएक्स', फोटोला बहुधा 'जेपीजी'. आणि कॉम्प्युटरच्या पोटात एक वही असते. या बिल्ल्याचे जनावर कोणत्या दावणीला बांधायचे, हे त्या वहीत लिहिलेले असते. तुम्ही डबल क्लिक करता तेव्हा कॉम्प्युटर फायलीच्या आत डोकावत नाही. बिल्ला वाचतो, वही बघतो आणि तिथे नेऊन बांधतो. वहीतली नोंद चुकली की प्रत्येक वेळी चुकीच्याच दावणीला.

नोंद चुकते कशी? बहुतेक वेळा आपल्याच हाताने. कॉम्प्युटर कधीतरी विचारतो, ही फाईल कशात उघडू? आपण घाईत असतो. समोर दिसेल त्या नावावर बोट ठेवतो आणि वर 'ऑलवेज', म्हणजे 'नेहमी', असेही दाबून मोकळे होतो. कधी एखादा नवा प्रोग्रॅम टाकताना तो आमच्याच दारी सगळी पीडीएफ येऊ द्या म्हणतो, आणि आपण न वाचता हो म्हणतो. या पोराने केव्हातरी पीडीएफची नोंद वर्डच्या नावावर चढवली होती.

वर्ड 2013 पासून पुढचे वर्ड पीडीएफ उघडू शकते, पण ती जशीच्या तशी दाखवत नाही. ते आतला मजकूर वाचून स्वतःचे नवे पान मांडते. साधे पत्र असेल तर ठीक मांडते. सातबाऱ्यासारखा रकान्यांचा दाट कागद असला की रेघा एकीकडे आणि आकडे दुसरीकडे. बदल होऊ शकतो, मूळ कागदासारखे दिसेलच असे नाही, अशी सूचना वर्ड आधी दाखवते. ती वाचतो कोण? आणि सातबाऱ्यावर जी डिजिटल सही असते, तीही या नव्या मांडणीत राहत नाही. म्हणजे ज्या सहीच्या जोरावर तो कागद बँकेत चालायचा, तीच गेली.

आता दुरुस्ती. विंडोजच्या कॉम्प्युटरवर त्या फायलीवर माऊसचे उजवे बटण दाबा. यादी उघडेल, तीत 'ओपन विथ' शोधा आणि त्यात 'चूज अनदर अ‍ॅप' निवडा. प्रोग्रॅमांची नावे येतील. पीडीएफसाठी अ‍ॅडोबी रीडर असेल तर तो घ्या, तो फुकट मिळतो. नसेल तर एज किंवा क्रोम हे ब्राउझरही चालतील, त्यांत पान जसेच्या तसे दिसते. विंडोज 11 मध्ये खाली 'ऑलवेज' आणि 'जस्ट वन्स' अशी दोन बटणे असतात. आधी 'जस्ट वन्स' दाबून बघा. कागद नीट दिसला, तर पुन्हा तेच करून 'ऑलवेज' दाबा. विंडोज 10 वर 'ऑलवेज'च्या जागी बरोबरची खूण करायचा चौकोन असतो. झाले, वहीतली नोंद दुरुस्त झाली. पुन्हा त्या बिल्ल्याची कोणतीही फाईल उघडा, योग्य जागी जाईल. सगळी वहीच बघायची असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅप्स' आणि त्यात 'डिफॉल्ट अ‍ॅप्स' असे जावे. पण रोजच्या गरजेला उजवे बटण पुरते.

सही तपासायची असेल तर मात्र ब्राउझरवर थांबू नका, अ‍ॅडोबी रीडरच घ्या. तिथे सहीवर प्रश्नचिन्ह दिसले तरी सातबारा खोटा आहे असे समजू नये. सही करणाऱ्याला दाखला देणाऱ्या संस्थेची तुमच्या कॉम्प्युटरला अजून ओळख करून दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाईलवरही हाच खेळ आहे. फाईल उघडताना फोन विचारतो, 'फक्त एकदा' की 'नेहमी'? चुकीच्या ठिकाणी 'नेहमी' दाबले गेले असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जा, जे अ‍ॅप मधे घुसते आहे ते उघडा, त्यात 'ओपन बाय डिफॉल्ट' किंवा तशाच नावाची जागा असते, तिथली नोंद पुसा. पुढच्या वेळी फोन पुन्हा विचारील. तेव्हा मात्र वाचून बोट ठेवा.

एक गोष्ट कृपा करून करू नका. काही हुशार मंडळी फायलीचे नाव बदलून बिल्लाच बदलतात. पीडीएफ खोडून डॉक्स लिहितात, आणि आता वर्डची झाली म्हणतात. पोत्यावर युरिया लिहिले म्हणून आतले मीठ युरिया होत नाही. तसे केलेच असेल तर घाबरू नका, जुना बिल्ला परत लिहा, फाईल होती तशी उघडेल.

बिल्ला मुळात दिसतच नाही, अशी अनेकांची तक्रार असते. ती खरी आहे. विंडोज तो लपवून ठेवते, का ते मला आजवर पटलेले नाही. फायलींची खिडकी उघडून वर 'व्ह्यू'मध्ये जा, विंडोज 11 वर त्यात आणखी 'शो' असेल, आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर बरोबरची खूण करा. आधी हे काम करा, मग पुढचे वाचा. त्या पोराच्या कॉम्प्युटरवर बिल्ले दाखवल्याबरोबर एकाच नावाचे दोन सातबारे शेजारी दिसले. एक मूळचा पीडीएफ, आणि दुसरा त्याने वर्डमध्ये उघडून 'सेव्ह' केलेला, डॉक्स. बिल्ले झाकलेले असताना दोन्हींची नावे सारखीच. पीककर्जाच्या कागदांबरोबर तो दुसराच बँकेत जायचा होता.

यावरून मुद्द्याचे सांगतो. चुकीच्या प्रोग्रॅममध्ये फाईल नुसती उघडल्याने तिचे काही बिघडत नाही. चुकीच्या दावणीला बांधलेले जनावर सोडून आणता येते. बिघडते ते तिथे 'सेव्ह' दाबल्याने. एकदा पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडून बघा, म्हणजे कळेल. पहिल्या ओळीत टक्क्याची खूण आणि पुढे पीडीएफ ही तीन अक्षरे दिसतील, आणि खाली सगळी भुताची भाषा. वर्डचा डॉक्स तसाच उघडला तर सुरुवातीलाच इंग्रजी 'पीके' दिसेल. (हे पीके म्हणजे फिल कॅट्झ नावाचा अमेरिकन. फायली आवळून लहान करण्याची झिप पद्धत त्याने 1989 साली आणली. डॉक्स हे खरे तर झिपचेच गाठोडे आहे, म्हणून त्याची आद्याक्षरे आजही प्रत्येक गाठोड्यावर आहेत.) बघितले, समजले, की खिडकी बंद करा. कॉम्प्युटरने 'सेव्ह करू का' विचारले तर 'नको' म्हणा. हो म्हणालात तर ती भुताची भाषा नोटपॅड आपल्या पद्धतीने लिहून ठेवील, आणि मग योग्य प्रोग्रॅमलाही ती वाचता येणार नाही.

भुताची भाषा दिसली की निदान माणूस थबकतो. मी ज्यात फसलो, तिथे सगळे छान दिसत होते. ते आता सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवे.

आमच्या भागातल्या एका दूध संस्थेचे सचिव दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडे आले. सभासदांना दूध फरकाची रक्कम थेट खात्यावर पाठवायची होती. त्यासाठी नावे, आधार नंबर, खाते नंबर, रक्कम अशी यादी बँकेला द्यायची होती. यादीच्या फायलीचा बिल्ला होता 'सीएसव्ही'. दोन नावांची इंग्रजी स्पेलिंगे चुकली होती, तेवढी दुरुस्त करून द्या, म्हणाले. मी बीएस्सी अ‍ॅग्री, कॉम्प्युटर वापरून वीस वर्षे झालेली. डबल क्लिक केले, यादी एक्सेलमध्ये उघडली, रकाने सुरेख. दोन नावे दुरुस्त केली, 'सेव्ह' दाबले, चहा घेतला. दोन मिनिटांचे काम.

चार दिवसांनी सचिव परत आले. बरीच रक्कम बँकेतून माघारी आली होती.

सीएसव्ही म्हणजे अगदी साधी यादी. अक्षरे, आकडे आणि मधे स्वल्पविराम, बाकी काही नाही. पण एक्सेल हा हिशेबनीस आहे. त्याला आकडा दिसला की तो त्याची किंमत बघतो. खाते नंबर शून्याने सुरू होत असेल, तर पुढच्या शून्याला हिशेबात किंमत नाही म्हणून तो खोडतो. आकडा पंधरा अंकांहून लांब असेल तर पहिले पंधरा ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक अंकाच्या जागी शून्य लिहितो. म्हणजे सोळा आकडी खाते नंबराचा शेवटचा आकडा गेलाच. आधारसारखा बारा आकडी नंबर तो दशांश चिन्ह आणि 'ई' घालून आखूड करून दाखवतो, आणि सीएसव्ही म्हणून 'सेव्ह' करताना जे दाखवले तेच लिहितो. मूळचे आकडे फायलीतून गेले. हे सगळे तो न विचारता करतो, आणि पडद्यावर रकाने अगदी टापटीप दिसतात.

गट नंबरांची तऱ्हा तर याहून न्यारी. 12/3 असा गट नंबर आणि हिस्सा लिहिलेला असला, की एक्सेलला ती तारीख वाटते. तो 12 मार्च लिहितो. कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर लावलेला असेल तर 3 डिसेंबर. आपला सातबारा, 7/12, त्याच्या लेखी 7 डिसेंबर! जे आकडे तारखेत बसत नाहीत ते तसेच राहतात, म्हणून शंभर ओळींच्या यादीत ही चूक चटकन डोळ्यांत भरत नाही. यात आपणच भोळे असे समजू नका. जनुकांच्या तक्त्यांत शास्त्रज्ञांनाही हाच ताप झाला होता. मार्च आणि सप्टेंबर यांच्यासारखी दिसणारी काही मानवी जनुकांची छोटी नावे एक्सेल तारखा करून टाकी; शेवटी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 2020 साली ती नावेच बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकाचे नाव बदलणे सोपे पडले.

पण शास्त्रज्ञांचे राहू द्या. त्या यादीत एक म्हातारी बाई होती, दोन गायींवर घर चालवणारी. तिचा खाते नंबर तीन शून्यांनी सुरू होत होता. तिच्या लेकी दिवाळीला माहेरी आल्या आणि फरकाचे पैसे खात्यात नाहीत. ती तीनदा बँकेत चालत गेली. मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिने पासबुक पुढे केले आणि म्हणाली, "साहेब, यात लिवलाय त्योच नंबर दिला हुता मी." तिचे बरोबर होते. मूळ फायलीवरच मी 'सेव्ह' केले होते, दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. सचिवांनी आणि मी पासबुके गोळा करून सगळे नंबर पुन्हा टाईप केले. पैसे दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी जमा झाले. त्या वर्षी सचिवांनी घरोघर बोलणी खाल्ली ती माझ्या वाट्याची.

म्हणून आता सीएसव्हीचे काय करायचे ते नीट ऐका. पहिले काम, फायलीची प्रत काढून बाजूला ठेवा. दुसरे, वर सांगितल्याप्रमाणे उजवे बटण, 'ओपन विथ', आणि सीएसव्हीच्या बिल्ल्यासाठी नोटपॅड निवडून 'ऑलवेज' दाबा. होय, इथे मी मुद्दाम साध्या, कुरूप प्रोग्रॅमच्या दावणीला बांधायला सांगतो आहे. नोटपॅडला हिशेब येत नाही, हाच त्याचा गुण. नावातले एखादे अक्षर बदलायचे असेल तर तिथेच बदला, स्वल्पविरामाला मात्र हात लावू नका, आणि 'सेव्ह' करा. शून्य शून्यच राहील.

रकान्यांत बघणे भागच असेल, तर एक्सेल आधी मोकळे उघडा. वर 'डेटा'मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' असेल, त्यातून फाईल आणा. एक खिडकी येईल, तीत 'डेटा टाईप डिटेक्शन' अशी जागा आहे. तिथे 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाईप्स' निवडा. म्हणजे बाबा रे, तू तुझी अक्कल लावू नकोस, दिले तसे दाखव. मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसत असतील, तर त्याच खिडकीत 'फाईल ओरिजिन'मध्ये 'यूटीएफ-8' निवडा, नावे देवनागरीत येतील. लिब्रे ऑफिस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम यात बरा. तो सीएसव्ही उघडण्याआधीच विचारतो, कोणता रकाना आकडा आणि कोणता नुसता मजकूर. खाते नंबर, आधार आणि गट नंबर या रकान्यांना 'टेक्स्ट' सांगा. मायक्रोसॉफ्टनेही 2023 पासून नव्या एक्सेलमध्ये काही आपोआप बदल बंद करण्याची सोय दिली आहे. पण संस्थेच्या कचेरीतले एक्सेल कोणत्या सालचे आहे हे बघितल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

फाईल नीट दिसत नाही म्हणजे ती चुकीच्याच प्रोग्रॅममध्ये उघडली, असेही नव्हे. उतरवलेले आधार पासवर्ड मागते. तिथे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मसाल लिहायचे असते, प्रोग्रॅम बदलून उपयोग नाही. संस्थेची जुनी इतिवृत्ते वर्डमध्ये उघडतात पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. तिथे प्रोग्रॅम बरोबर आहे, ज्या जुन्या फाँटमध्ये ती टाईप केली तो फाँट त्या कॉम्प्युटरवर नाही.

आणि बिल्ले दिसू लागले आहेत, तर एक बिल्ला ओळखून ठेवा. 'एपीके'. पीएम किसानचा हप्ता, गाडीचे चलन, लग्नाची पत्रिका, अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते, आणि तिच्या शेवटी ही अक्षरे असतात. तो कागद नव्हेच, तो फोनमध्ये शिरणारा प्रोग्रॅम आहे. तो कशातही उघडायचा नाही, ज्याने पाठवला त्याला ओळखत असलात तरी नाही, कारण बहुधा त्याचाही फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. चुकून उघडला आणि पैसे गेले, तर पंचायत भरवत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा आणि बँकेला कळवा.

ते दोन भाऊ जाताना एकाच मोटारसायकलवर गेले. धाकट्याचे पोर माझ्याकडे मागे राहिले, उजव्या बटणाचे सगळे एका वहीत उतरवून घेतले, आणि मग वर्डमधला तो दुसरा सातबारा माझ्यासमोर पेनड्राइव्हवरून पुसून टाकला. घरच्या कॉम्प्युटरवरचाही पुसला का, हे त्याला विचारायचे माझ्याकडून राहून गेले. उद्या बाजारात भेटेल तेव्हा विचारतो.